धन्यवादित फ्रान्झ येगरश्टेटर : एका श्रद्धावंत शेतकऱ्याचे जीवन व मरण

महोत्सव म्हटला म्हणजे पूर्वजांचे स्मरण ओघानेच आले. ज्यांनी मंदिर बांधले, ज्यांनी वेदीची सेवा केली, ज्यांनी यथाशक्ति दान दिले, त्यांची नावे अशा प्रसंगी कृतज्ञतेने घेतली जातात आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांनी केवळ आपले शेत राखले, मिस्सा चुकविली नाही आणि कठीण प्रसंगी देवाशी असलेली निष्ठा सोडली नाही, अशांचीही स्मृती ख्रिस्तसभा जपत असते. अशाच एका शेतकऱ्याची हकिगत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

ऑस्ट्रिया देशात साल्झाख नदीजवळ सेंट राडेगुंड नावाचे एक लहानसे खेडे आहे. हिटलर ज्या ब्राउनाऊ गावी जन्मला, त्याच जिल्ह्यातले हे खेडे. तेथे २० मे १९०७ रोजी फ्रान्झचा जन्म झाला. आई मोलकरीण आणि बाप एका शेतकऱ्याचा मुलगा. दारिद्र्यामुळे त्या दोघांचा विवाह होऊ शकला नव्हता. बाप पुढे पहिल्या महायुद्धात कामी आला. भाविक आजीने नातवास वाढविले. १९१७ साली आईने येगरश्टेटर नामक शेतकऱ्याशी विवाह केला. त्याने मुलास आपले नाव दिले व पुढे शेतही त्याच्याच हवाली केले.

फ्रान्झ बालपणापासून साधुवृत्तीचा होता, असे मात्र कोणी समजू नये. तारुण्यात तो रंगेल व भांडखोर होता. काही वर्षे लोखंडाच्या खाणीत मजुरी करून परतला, तेव्हा गावातली पहिली मोटारसायकल त्यानेच आणली. विवाहापूर्वी त्यास एक कन्याही झाली होती. हे आम्ही झाकून ठेवीत नाही. कारण देवाची कृपा मातीच्याच भांड्यात साठविली जाते. ९ एप्रिल १९३६ रोजी, पवित्र गुरुवारी, फ्रान्झिस्का नावाच्या धर्मशील कन्येशी त्याचा विवाह झाला आणि ते दाम्पत्य रोमच्या यात्रेस गेले. तेथून पुढे दोघे मिळून पवित्र शास्त्र वाचीत व प्रार्थना करीत. त्यांना तीन कन्या झाल्या. घरची सुबत्ता बेताची असूनही फ्रान्झ गोरगरिबांच्या दारी अन्नधान्य पोचवी. १९४१ साली तो गावच्या मंदिराचा सेवक झाला. रोज पहाटे मिस्सेची तयारी करावी, कम्युनियन घ्यावे आणि मग शेतावर जावे, असा त्याचा नेम असे.

मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. १० एप्रिल रोजी त्यास संमती देण्यासाठी मतदान झाले. साऱ्या गावात विरुद्ध मत देणारा एकटा फ्रान्झ निघाला. अधिकाऱ्यांनी ते मत दडपून टाकले व गाव एकमताने अनुकूल असल्याचे वर कळविले! माणसांच्या हिशेबी त्या मताची किंमत शून्य ठरली. तथापि फ्रान्झने आपला हिशेब बदलला नाही. मुलांसाठी मिळणारे सरकारी साहाय्यही त्याने नाकारले.

१९४० साली त्यास सैन्यात बोलाविले गेले. काही महिने शिक्षण घेऊन तो १९४१ च्या एप्रिलात शेतीकामासाठी परत आला. परंतु हे युद्ध अन्यायाचे आहे व त्यात शस्त्र धरणे पाप आहे, अशी त्याची खात्री होऊन चुकली होती. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. त्याने आपल्या धर्मगुरूंचा सल्ला घेतला; लिंत्स येथे जाऊन महागुरू योझेफ फ्लीसर यांची भेट घेतली. राज्यकर्त्यांच्या कृत्यांची जबाबदारी प्रजाजनावर येत नाही, तुझी जबाबदारी बायकामुलांची आहे, असेच त्यास सांगण्यात आले. आईनेही विनवण्या केल्या. हा उपदेश पोकळ नव्हता. घरी लहान लेकरे असलेल्या बापास त्याहून जड शब्द कोणते असणार? फ्रान्झने वडीलधाऱ्यांचा अनादर केला नाही, त्यांस दोषही दिला नाही. परंतु देवापुढे उत्तर देण्याची वेळ येईल तेव्हा आपल्या वतीने दुसरा कोणी उभा राहणार नाही, हे तो जाणून होता. फ्रान्झिस्कानेही आरंभी त्यास परावृत्त करून पाहिले. पुढे मात्र ती त्याच्या बाजूस उभी राहिली, कारण तीही नसती तर त्यास कोणीच उरले नसते.

१९४३ च्या फेब्रुवारीत पुन्हा बोलावणे आले. १ मार्च रोजी एन्स येथील छावणीत हजर होऊन त्याने शस्त्र धरण्यास नकार दिला. जखमींची शुश्रूषा करण्याची त्याची तयारी होती, पण ती मान्य झाली नाही. लिंत्सच्या तुरुंगातून मे महिन्यात त्यास बर्लिनला नेले. ६ जुलै रोजी लष्करी न्यायालयाने मृत्युदंड ठोठावला. त्यानंतर थोड्याच दिवसांत पत्नी व गावचे धर्मगुरू बर्लिनपर्यंत प्रवास करून त्यास भेटून आले. तीच पतिपत्नींची अखेरची भेट. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद झाला. वय अवघे ३६ वर्षांचे! तीन वर्षांनी त्याच दिवशी त्याच्या अस्थी गावच्या मंदिराजवळ पुरण्यात आल्या.

मरण आले, पण मान आला नाही. गावातल्या पुष्कळांनी त्यास हट्टी ठरविले, त्याच्या धर्मवेडाचा दोष पत्नीवर ठेवला. इतर युद्धविधवांस मिळणारे वेतन फ्रान्झिस्कास १९५० पर्यंत नाकारले गेले. ती मुकाट्याने शेत कसत राहिली, मुली वाढवीत राहिली. १९६४ साली गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने ग्रंथ लिहिला, तेव्हा जगास या शेतकऱ्याची ओळख पटली. १९९७ साली बर्लिनच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द ठरविली. आणि २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंत्सच्या महामंदिरात ख्रिस्तसभेने त्यास धन्यवादित घोषित केले. त्या सोहळ्यास ९४ वर्षांची फ्रान्झिस्का स्वतः उपस्थित होती. २०१३ साली, वयाची शंभरी पूर्ण करून, तीही देवाघरी गेली.

वाचकहो, ज्या धर्मग्रामाने त्यास वेडा म्हटले, त्याच धर्मग्रामाचे नाव आज त्याच्यामुळे यात्रेकरूंच्या तोंडी आहे. आपल्या मंदिराच्या बाकांवरही असा एखादा अबोल, एकाकी मनुष्य बसत असेल. महोत्सवाच्या आनंदात त्याच्याकडे आपली पाठ फिरू नये आणि प्रसंग आलाच, तर आपले मतही तितकेच निर्भय असावे, एवढी सद्बुद्धी प्रभू आपणां सर्वांस देवो.