नळीतला पीळ आणि सरकारचा हिशोब

मी कोरेगावचा. म्हणजे साताऱ्याजवळच्या, पुणे-मिरज रेल्वेलाइनवरच्या कोरेगावचा. बाहेर कुठेही गावाचं नाव सांगितलं की लोक विचारतात, "लढाई झाली तेच ना?" ती लढाई, 1 जानेवारी 1818 ची, भीमाकाठच्या कोरेगावात झाली. आज मात्र तिथूनच सुरुवात करू.

त्या दिवशी कंपनीच्या शिपायांच्या हातात गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या. गोळी नळीपेक्षा थोडी लहान, त्यामुळे आत आपटत बाहेर पडायची. शंभर यार्डांपलीकडे नेम म्हणजे नशीबच! यावरचा उपाय तेव्हाही माहीत होता. नळीत आतून पिळदार खाचा पाडायच्या, म्हणजे गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. यालाच रायफलिंग म्हणतात. इंग्रजांकडे 1800 च्या सुमारास सात खाचांची बेकर रायफल आली होती. पण ती महाग, आणि घट्ट गोळी ठासायला वेळ लागे. म्हणून ती निवडक नेमबाजांनाच मिळाली.

1853 च्या एनफिल्डने हे गणित बदललं. तीनच खाचा, आणि बार उडाला की गोळीचा बुडखा फुगून त्या खाचांत घट्ट बसायचा. भरणं सोपं, नेमही चांगला. 1857 च्या काडतुसांची रायफल ती हीच! त्याच सुमारास जोसेफ व्हिटवर्थने षटकोनी नळी बनवली. लांबच्या पल्ल्यावर तिने एनफिल्डला साफ हरवलं. तरी सैन्याने ती घेतली नाही. किंमत साधारण चौपट, शिवाय दारूची काजळी धरून नळी लवकर तुंबायची.

दुसऱ्या महायुद्धात ली-एनफिल्डच्या नळीत एरवी पाच खाचा असत. प्रत्येक खाच कापायला मशीनचा वेळ जातो. घाईच्या काळात बऱ्याच नळ्या दोनच खाचांच्या काढल्या. चाचण्यांत नेम फारसा बिघडला नाही, आणि उत्पादन वाढलं.

म्हणजे प्रश्न "सगळ्यात अचूक कुठली?" हा नव्हताच. "एवढ्या पैशात पुरेशी अचूक कुठली?" हा होता.

आमच्या जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी गाव तुम्हाला माहीत असेल. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे 46 जवान गेले. तिथल्या स्मारकासमोर उभा राहिलो की मला हा हिशोब आठवतो. "पुरेसं" म्हणजे किती, हे ठरवलं लंडनच्या कचेरीत. बंदूक खांद्यावर घेणाऱ्या आपल्या माणसाला कुणी विचारलं होतं का?

तुमच्या घरातही कुणी पलटणीत होतं? त्यांची गोष्ट मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!