कात्री, कॅसेट आणि कॉम्प्युटर : घरच्या एडिटिंगची आपल्या जिल्ह्यातली गोष्ट

आजच्या भागाचा प्रश्न साधा आहे. घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ एडिट करायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं? सिन्नरमध्ये कुणाला गोंदेश्वराचा व्हिडिओ करायचाय, कुणाला बहिणीच्या लग्नाचा, तर कुणाला शेतातल्या कामाचा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे सरळ यादी देऊन मोकळा होऊ शकलो असतो. पण अशा याद्या वर्षभरात शिळ्या होतात. म्हणून आधी इतिहास बघू. त्यातला बराचसा आपल्याच जिल्ह्याशी जोडलेला आहे.

सुरुवात अर्थातच दादासाहेब फाळक्यांपासून. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वरचा. १९१२ साली ते लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले आणि दादरच्या राहत्या घरात कारखाना थाटला. तेव्हा कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. ती भोकं अंधारात, हातानं फिरवायच्या यंत्रावर पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई करायच्या. फिल्म धुणं, तुकडे जोडणं यातही त्यांचा हात होता, म्हणून अनेक जण त्यांना भारतातल्या पहिल्या संकलक मानतात. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले. थोडक्यात, घरातलं एडिटिंग ही काही यूट्यूबच्या पिढीची कल्पना नाही, बरं का!

आता इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्या. फिल्मची पट्टी कात्रीनं कुठेही कापता येते. मधलाच तुकडा काढा, दुसरा लावा, बाकीच्या रिळाला धक्का लागत नाही.

मग व्हिडिओ कॅसेट आली आणि हे स्वातंत्र्य गेलं. कॅसेट कापत नाहीत. एका व्हीसीआरवर मूळ कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर हवा तेवढा भाग रेकॉर्ड करायचा. मध्येच एक शॉट घुसवायचा राहिला, तर तिथून पुढचं सगळं परत. शिवाय कॉपीची कॉपी केली की चित्र पुसट होतं, रंग ओघळतात. आपल्याकडचे जुने लग्नाचे व्हिडिओ आठवा.

याच साधनांवर मालेगावात सिनेमे उभे राहिले. सिन्नरकरांनो, आपली माळेगाव एमआयडीसी नव्हे, यंत्रमागांचं मालेगाव! तिथे व्हिडिओ पार्लर चालवणारे शेख नासिर दोन व्हीसीआर जोडून एडिटिंग शिकले आणि २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' बनवला. पुढे सायकल ट्रॉली झाली, बैलगाडी क्रेन झाली, हिरव्या पडद्यापुढे सुपरमॅन उडाला. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात हा सगळा खटाटोप दिसतो.

तिकडे कॉम्प्युटरनं कात्रीचं स्वातंत्र्य परत आणलं होतं. १९८९ ला अ‍ॅव्हिड आलं, १९९१ ला अ‍ॅडोबी प्रीमिअर. पण घरोघरी पोचलं ते १९९९ चं आयमूव्ही आणि २००० चं विंडोज मूव्ही मेकर. तेव्हा अडचण जागेची होती. मिनी डीव्ही कॅसेटचा एक तास म्हणजे सुमारे १३ जीबी, आणि जुन्या फॅट३२ डिस्कवर एक फाइल ४ जीबीच्या वर जातच नव्हती. म्हणजे वीसेक मिनिटांतच फाइल तोडावी लागायची.

आणि तेच मूव्ही मेकर मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०१७ मध्ये बंद केलं. त्यात केलेले प्रोजेक्ट आज दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचे म्हटलं तर पंचाईत. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न 'इफेक्ट किती?' हा नको. 'दहा वर्षांनी माझं काम उघडेल का?' हा हवा.

माझं मत सांगतो. साधा, ८ जीबी रॅमचा कॉम्प्युटर असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट घ्या. दोन्ही फुकट, मुक्त स्रोत, आणि दोघांच्या प्रोजेक्ट फाइल साध्या मजकुराच्या असतात, त्या नोटपॅडमध्येही वाचता येतात. १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड असेल तर दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती उत्तम. मात्र लिनक्सवर ती मोबाइलचे नेहमीचे एच.२६४ व्हिडिओ घेत नाही. व्हिडिओ अडखळत असेल तर नवा कॉम्प्युटर घेण्याआधी प्रॉक्सी वापरून बघा. म्हणजे काय, तर हलक्या नकलेवर काम करायचं आणि शेवटी सॉफ्टवेअर मूळ फाइल वापरतं. आणि ऑटोसेव्ह चालू ठेवा. लाइट कधी जाईल ते आपल्याकडे कुणी सांगावं!

पण सगळ्यात महत्त्वाचं मूळ चित्रण. 'राजा हरिश्चंद्र'ची चार रिळं होती. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यातला थोडाच भाग आहे, आणि तोसुद्धा १९१७ च्या नव्या आवृत्तीचा असावा असं अभ्यासक म्हणतात. पहिल्या भारतीय कथापटाची ही गत, तर आपल्या कपाटातल्या कॅसेटचं काय? व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिनंही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. टेपला बुरशी लागतेय आणि चालवायची यंत्रं कमी होतायत. सॉफ्टवेअर पुढच्या महिन्यातही मिळेल. आजोबांचा आवाज असलेली कॅसेट असेल, तर आधी ती डिजिटल करून घ्या. दोन प्रती ठेवा, दोन वेगळ्या ठिकाणी.

तुमच्या घरी अशी कॅसेट सापडली तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.