चवदार तळ्याचा वॉटर रिपोर्ट

आज महाडचा इतिहास, पण जरा लॅबमधून बघूया.

२० मार्च १९२७. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसोबत चवदार तळ्यावर गेले आणि तिथलं पाणी प्यायले. नगरपालिकेने हे तळं १९२४ मध्येच ठराव करून सगळ्यांना खुलं केलं होतं, पण ठराव कागदावरच राहिला होता. त्या दिवशी परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. नंतर सनातनी मंडळींनी तळं 'शुद्ध' केलं. १०८ घागरी पाणी काढलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलं आणि मंत्र म्हणत परत तळ्यात ओतलं.

आता हेच जल-रसायनशास्त्राच्या वर्गात सांगा. शेण-दुधातले सेंद्रिय पदार्थ जिवाणू खातात आणि त्यासाठी पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. या ऑक्सिजनच्या मागणीला बीओडी म्हणतात. शेणातून आतड्यातले कोलिफॉर्म जिवाणूही येतात. तळ्याच्या मानाने १०८ घागरी किरकोळ असतील, पण रिपोर्ट बिघडला असता तो शुद्धीकरणामुळे. माणसाच्या स्पर्शातली जात दाखवणारी टेस्ट मात्र कुठल्याच लॅबमध्ये नाही. पुढे कोर्टात दहा वर्षं गेली. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला.

याच परिसरात दुसरा विषयही शिकता येतो, पर्यावरणीय भूशास्त्र. इथला सह्याद्री बेसाल्टचा. वर झिजलेला खडक आणि माती. धो-धो पावसात मातीच्या छिद्रांत पाणी भरतं, आतला दाब वाढतो, कणांची पकड सुटते आणि उतार खाली येतो. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई इथे हेच झालं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेत ८० हून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूरच्या केवनाळे, सुतारवाडीतही दरडी आल्या.

बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ इथून जवळच, लोणेरेला आहे. महाडच्या एमआयडीसीत केमिकल कारखाने आहेत, सावित्री जवळून वाहते. म्हणून मला वाटतं, हे दोन्ही विषय इथल्या पोरांनी याच मातीत शिकावेत. १९२७ ला भांडण पाणी पिण्याच्या हक्काचं होतं. आज त्याच पाण्याचा रिपोर्ट वाचता येणं आणि डोंगराला गेलेली भेग वेळेत ओळखता येणं, हाही हक्कच आहे.

तुमच्या विहिरीचं पाणी शेवटचं कधी तपासलंय? घरी विचारा. भेटू पुढच्या भागात!