मोझेलचे उतार आणि नावांची भानगड

दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्यात असं समजा. एकीच्या लेबलवर लिहिलंय 'पीसपोर्टर गोल्डट्रोप्फशेन', दुसरीवर 'पीसपोर्टर मिशेल्सबेर्ग'. दोन्ही जर्मनीतल्या मोझेल नदीच्या खोऱ्यातल्या, दोन्हींवर पीसपोर्ट गावाचं नाव, दोन्ही उच्चारायला सारख्याच अवघड. तुमच्या-माझ्यासारख्या माणसाने काय समजायचं? एकाच गावातल्या दोन वेगळ्या मळ्यांची वाइन, बस.

चूक! पहिलं नाव खरोखरच एका डोंगरउताराचं आहे. दुसरं नाव म्हणजे आजूबाजूच्या कित्येक गावांची मिळून बांधलेली मोट. त्या बाटलीतली द्राक्षं पीसपोर्टच्या हद्दीत पिकलेली असतीलच असं नाही, आणि तरी लेबल शंभर टक्के कायदेशीर! १९७१ च्या एका कायद्याने हे घडवून आणलं आणि पुढे जवळपास पन्नास वर्षं ते तसंच चालू राहिलं.

आता वाइन पिणं न पिणं ज्याच्या त्याच्यावर. पण नाव, नकाशा आणि जमीन यांचं एकमेकांशी काय नातं असतं हे बघायचं असेल, तर मोझेलसारखी दुसरी केस स्टडी मिळणं कठीण. म्हणून हा वीकेंड मोझेलच्या नावाने.

आधी थोडा भूगोल

मोझेल उगम पावते फ्रान्समधल्या व्होज डोंगरांत. मग काही अंतर लक्झेंबर्ग आणि जर्मनीची सीमा होऊन वाहते आणि शेवटी कोब्लेन्झला ऱ्हाइनला जाऊन मिळते. एकूण लांबी साधारण ५४५ किलोमीटर. ट्रिअर ते कोब्लेन्झ हे अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. पण नदी हेच अंतर कापायला जवळजवळ दुप्पट लांबीचा रस्ता घेते, इतकी ती वळणं घेत जाते.

सगळी मेख या वळणांत आहे. प्रत्येक वळणावर बाहेरच्या बाजूला पाणी डोंगर कापत जातं, तिथे उभा कडा तयार होतो. आतल्या बाजूला गाळ साचतो, तिथे सपाट जमीन. नदी सतत दिशा बदलत असल्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेला उतार कधी डाव्या काठावर येतो तर कधी उजव्या. पीसपोर्टला तो डाव्या काठावर आहे, एखाद्या अर्धगोल स्टेडियमसारखा. हेच गोल्डट्रोप्फशेन, म्हणजे 'सोन्याचा छोटा थेंब'. आणि समोरच्या काठावर सपाट जमीन. ही सपाट जमीन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दक्षिणेचं एवढं कौतुक का? मोझेल आहे साधारण ५० अंश उत्तर अक्षांशावर. सप्टेंबरच्या शेवटी, द्राक्षं पिकायच्या ऐन मोक्याला, भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४० अंशांवर असतो. सपाट जमिनीवर ऊन तिरपं पडतं. ४० अंशांचा साइन काढलात तर सुमारे ०.६४ येतो. पण तीच जमीन दक्षिणेकडे ५० अंश कललेली असेल तर ऊन तिच्यावर अगदी काटकोनात पडतं. म्हणजे त्या घटकेला तेवढ्याच जमिनीला दीडपट ऊन! गच्चीवरचं सोलर पॅनल आपण तिरकं बसवतो, तोच हिशोब इथे नदीने करून ठेवलाय.

त्यात भर दगडाची. इथला दगड म्हणजे स्लेट. आपण लहानपणी ज्या पाटीवर बाराखडी गिरवली ती पाटी याच जातीच्या दगडाची. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला चिखल दाबला जाऊन हा दगड झाला. काळा असल्यामुळे तो दिवसा तापतो आणि रात्री ती ऊब वेलींना परत देतो. पाणी त्यातून झटकन निचरतं, मुळं फटींतून खोल जातात. इतक्या उत्तरेला एरवी द्राक्ष पिकायचे वांधे. त्यातही रीझलिंग ही जात फार उशिरा पिकते. तिला इथे हात देतात ते उतार, पाटी आणि नदी हे तिघं.

पण याची किंमत आहे. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट नावाचा उतार काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत चढतो. युरोपातल्या सगळ्यात उभ्या द्राक्षमळ्यांत त्याची गणना होते. तिथे ट्रॅक्टर चालत नाही. माणसं दगडी पायऱ्यांनी चढतात, पाठीवरून द्राक्षं उतरवतात. अलीकडच्या काळात एका रुळावरून चढणारी छोटी गाडी बऱ्याच ठिकाणी आलीय, तरी छाटणी-तोडणी हातानेच. सपाट मळ्यापेक्षा कित्येक पट जास्त माणसांचे तास इथे खर्च होतात.

रोमन, बिशप आणि नावं

इथली वाइन रोमनांच्या काळापासूनची. ट्रिअर हे शहरच रोमनांचं, एके काळी साम्राज्याच्या राजधान्यांपैकी एक. नॉयमागेन गावात १८७८ मध्ये एक दगडी शिल्प सापडलं. इ. स. २२० च्या सुमाराचं, वाइनची पिंपं लादलेलं आणि वल्ह्यांनी चालणारं जहाज! कोणा श्रीमंत माणसाच्या थडग्यावरचं. चौथ्या शतकात ऑसोनियस या रोमन कवीने मोझेलवर अख्खं काव्य लिहिलं, त्यातही डोंगरभर पसरलेले मळे आहेत. पीसपोर्टला तर रोमन काळातलं द्राक्षं तुडवायचं आणि रस काढायचं आवारच उकरताना सापडलं.

मध्ययुगात बहुतेक चांगली जमीन चर्च, मठ आणि ट्रिअरचे आर्चबिशप यांच्या हातात गेली. १७८७ मध्ये आर्चबिशप क्लेमेन्स वेन्सेस्लाउस याने फर्मान काढलं की हलक्या जातीच्या वेली सात वर्षांत उपटून चांगल्या जातीच्या लावा. आज मोझेलच्या सुमारे ८,५०० हेक्टरांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास रीझलिंग आहे, त्याच्या मागे या फर्मानाचा मोठा हात.

या सगळ्या शतकांत उतारांना नावं पडत गेली. कोणी कमिटी बसवून ठेवलेली नाहीत, वापरातून पडलेली. वेलेन गावासमोरच्या उतारावर १८४२ मध्ये योडोकुस प्रूम या मळेवाल्याने मजुरांना वेळ कळावी म्हणून मोठं सूर्यघड्याळ बांधलं. तो उतारच पुढे 'झोनेनऊर', म्हणजे सूर्यघड्याळ, म्हणून प्रसिद्ध झाला. युर्त्सिगच्या लाल मातीच्या उताराचं नाव 'व्युर्त्सगार्टन', मसाल्यांची बाग. बर्नकास्टेलच्या एका उताराचं नाव चक्क 'डॉक्टर', कारण तिथल्या वाइनने चौदाव्या शतकात एका आर्चबिशपचा ताप उतरला अशी दंतकथा. आपल्याकडे शेतांना 'माळाचं', 'वडाचं', 'खालचं पट्टं' म्हणतात ना, तसंच. फरक इतकाच की इथे ते नाव बाटलीवर छापलं जातं आणि त्या नावाला भाव मिळतो.

टॅक्सवाल्यांचा नकाशा

१८१५ मध्ये हा सगळा भाग प्रशियाच्या ताब्यात गेला. प्रशियन कारकून म्हणजे जगात एक नंबर. त्यांनी जमीनमहसूल ठरवण्यासाठी एकेका मळ्याचं निव्वळ उत्पन्न काढलं आणि त्यानुसार जमिनींची प्रतवारी केली. सुरुवातीची वर्षं बरी गेली, कारण प्रशियाच्या बाजारात मोझेलला संरक्षण होतं. पण १८२८ च्या हेसेबरोबरच्या करारापासून आणि पुढे १८३४ च्या जर्मन जकात संघामुळे दक्षिणेकडची स्वस्त वाइन आत आली आणि भाव कोसळले. त्यात वाटण्या होऊन होऊन जमिनीचे तुकडे झालेले. भाव पडले तरी कर मात्र चांगल्या काळातल्या हिशोबाने!

शेतकरी संघटना म्हणत होती की आम्ही बुडालो. महसूल खात्याचा अधिकारी म्हणत होता की तुमचा हिशोब चुकीचा, आमच्या रजिस्टरप्रमाणे उत्पन्न इतकं इतकं आहे. हा वाद उचलला चोवीस वर्षांच्या एका संपादकाने. ट्रिअरचाच पोरगा, नाव कार्ल मार्क्स. जानेवारी १८४३ मध्ये 'ऱ्हाइनिश झायटुंग'मध्ये त्याने मोझेलच्या द्राक्षउत्पादकांच्या हालांवर लेखमाला लिहिली. मुद्दा साधा पण जबरदस्त होता. ज्या खात्याने आकडा ठरवला, तेच खातं तो आकडा बरोबर आहे का हे तपासणार, मग शेतकऱ्याचं ऐकणार कोण? मार्च १८४३ अखेर ते वर्तमानपत्र सरकारने बंद पाडलं. निव्वळ राजकारणाकडून आर्थिक प्रश्नांकडे आपण वळलो ते लाकूडचोरीचा कायदा आणि मोझेलच्या शेतकऱ्यांची अवस्था यांमुळे, असं मार्क्स सांगायचा ही नोंद पुढे एंगल्सने करून ठेवली. 'दास कॅपिटल'चं एक मूळ असं पाटीच्या दगडात आहे म्हणायचं!

गंमत पुढे आहे. १८६८ मध्ये क्लोटेन नावाच्या ट्रिअरच्या कर-अधिकाऱ्याने याच महसुली प्रतवारीवरून मोझेल आणि सारच्या मळ्यांचा रंगीत नकाशा काढला. जितका रंग गडद, तितकी जमीन भारी. टॅक्ससाठी गोळा केलेला डेटा आता व्यापाऱ्याच्या कामाला आला! कुठला उतार उत्तम हे कोणालाही एका नजरेत दिसू लागलं. १९०० च्या सुमारास मोझेलच्या नामांकित वाइन बोर्डोच्या उत्तमोत्तम वाइनच्या बरोबरीने विकल्या जात होत्या.

हा व्यापार उभा करण्यात ज्यू व्यापाऱ्यांचा वाटा फार मोठा होता. १९३३ नंतर नाझींनी त्यांना धंद्यातून आणि मग देशातूनच हुसकावलं, कित्येकांना मारलं. मोझेलच्या इतिहासाच्या पर्यटनपत्रकांत या गोष्टीला अनेकदा एक ओळही मिळत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

१९७१: डेटा क्लीनिंग

आता त्या कायद्याकडे. जर्मनीत मळ्यांची नावं हजारोंनी होती. काही नावं तर एखाद्या घराच्या अंगणाएवढ्या तुकड्याची. ग्राहक गोंधळतो, निर्यात कठीण जाते, तपासणी अशक्य. म्हणून १९७१ च्या वाइन कायद्याने नावं छाटून ती सुमारे २,६०० वर आणली. एका मळ्याचं क्षेत्र साधारणपणे किमान पाच हेक्टर हवं असा नियम केला. खरं सांगायचं तर, ड्युप्लिकेट रेकॉर्डांनी भरलेलं टेबल ज्याने कधी साफ केलंय त्याला हे करणाऱ्याबद्दल सहानुभूतीच वाटेल.

पण साफसफाई करताना दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे, छोट्या उतारांची नावं शेजारच्या साध्या जमिनीवर पसरली. बर्नकास्टेलच्या 'डॉक्टर'च्या हद्दीवरून तर १९८४ पर्यंत कोर्टबाजी चालली आणि शेवटी ती सव्वातीन हेक्टरांच्या आसपास थांबली. दुसरी म्हणजे, अनेक मळ्यांचं मिळून 'मोठं क्षेत्र' तयार केलं आणि त्याला प्रसिद्ध गावाचं नाव जोडायची मुभा दिली. 'पीसपोर्टर मिशेल्सबेर्ग' असं जन्माला आलं. दोन्ही प्रकारच्या नावांची रचना तंतोतंत सारखी. बाटली हातात घेऊन फरक ओळखणं अशक्य. एकाच फील्डमध्ये दोन वेगळ्या अर्थांचा डेटा कोंबला की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहेच.

वर दर्जा ठरवायचं माप म्हणजे रसातली साखर. जमीन कुठली हा प्रश्नच नाही! मग ती समोरच्या काठावरची सपाट जमीन आठवा. तिथे म्युलर-थुर्गाउसारखी लवकर पिकणारी, भरघोस येणारी जात लावायची, ट्रॅक्टर फिरवायचा आणि पीसपोर्टच्या नावाने सुपरमार्केटात स्वस्तात विकायचं. १९७० आणि ८० च्या दशकांत हेच जोरात चाललं. आणि परदेशी ग्राहकाने ठरवून टाकलं की मोझेल म्हणजे स्वस्त, गोडसर पाणी.

याचा फटका बसला कोणाला? पाठीवर टोपली घेऊन उतार चढणाऱ्याला. त्याचा खर्च कित्येक पट, आणि त्याच्या गावाचं नाव मात्र चिल्लर भावात. १९९० च्या सुमारास मोझेल खोऱ्यात बारा हजार हेक्टरांच्या वर द्राक्षं होती, ती आता साडेआठ हजारांवर आली. सोडून दिलेल्या मळ्यांत सगळ्यात आधी नंबर लागला तो उभ्या उतारांचा. मुलं शहरात गेली, मळ्यावर झुडपं चढली. दगडी बांध एकदा ढासळले की परत कोण बांधणार?

अर्थात याला एकटा कायदा जबाबदार नाही. मजुरी वाढली, चवी बदलल्या. पण भाव मिळाला असता तर मजुरीही परवडली असती.

आणि आता

काही मळेवाल्यांनी हार मानली नाही. जर्मनीतल्या नामवंत वाइनवाल्यांच्या व्हीडीपी या संघटनेने २०१२ मध्ये जमिनीवर आधारलेली चार पायऱ्यांची प्रतवारी आणली. उत्तम उतार कुठले हे ठरवायला आधार कशाचा? जुने महसुली नकाशे! ज्या रजिस्टरावरून मार्क्स सरकारशी भांडला, त्याच मोजणीचा पुरावा आता उतारावरच्या माणसाच्या बाजूने उभा आहे. मोजणी जवळपास तीच, पण या वेळी ती वाचणारे उतारावरचेच.

सरकारही हललं. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार, २०२६ च्या हंगामापासून मोठ्या क्षेत्राचं नाव छापायचं असेल तर त्याआधी 'रेगिओन' हा शब्द लिहावा लागतो. एक शब्द घालायला पंचावन्न वर्षं लागली.

इतक्यात हवामानानेही पत्ते फिरवलेत. पूर्वी जिथे रीझलिंग चांगली पिकायची ती वर्षं लोक बोटांवर मोजत, आता ती जवळजवळ दरवर्षी पिकते. उलट काही अति उन्हाच्या उतारांवर द्राक्षं भाजण्याची काळजी, आणि एके काळी थंड म्हणून कमी भावाच्या ठरलेल्या बाजूच्या दऱ्यांना मागणी. म्हणजे १८६८ च्या नकाशाचे रंगही पुन्हा तपासावे लागणार. ते तपासताना त्या उतारावर चढणाऱ्या माणसाला विचारलं जावं, एवढीच अपेक्षा.

असो. कधी बाटली हातात आलीच तर लेबलवरचं गाव वाचून थांबू नका. गावापुढचं नाव एका उताराचं की अख्ख्या तालुक्याचं, ते शोधा. पाच मिनिटांचं काम आहे. उतार खरा असेल तर दोन पैसे जास्त पडतील, पण ते कुठे जातात हे आता तुम्हाला माहीत आहे.