अंबरनाथचे आलेखन आणि विद्यार्थ्याचे चित्रसंपुट

कल्याणहून कर्जतकडे निघाले की पहिले स्थानक लागते ते विठ्ठलवाडीचे. कलाशाळेत प्रवेश इच्छिणारा येथील विद्यार्थी आपले चित्रसंपुट बगलेत घेऊन मुंबईस जातो. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी हाच प्रवास उलट दिशेने घडला होता. १८६८ साली सरकारने अंबरनाथच्या शिवालयाची पाहणी करविली, आणि तीसाठी १८५७ साली स्थापन झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे विद्यार्थी टेरी या शिक्षकाच्या देखरेखीखाली तेथे आले. हे मंदिर वालधुनी नदीच्या काठी आहे. तीच नदी पुढे विठ्ठलवाडीजवळून वाहते.

त्यांना सुंदर चित्रे काढावयाची नव्हती. मंदिराची मापे घेणे, शिल्पपट्टांची आलेखने करणे, मूर्तींचे साचे घेणे, असे ते काम होते. सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावे लागते, पाया नक्षत्राकार, भिंतींना कोनावर कोन. अशी वास्तू कागदावर उतरविताना हाताच्या सफाईपेक्षा डोळ्याच्या प्रामाणिकपणाचीच कसोटी लागते. १८७४ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त या मंदिराविषयी लेख आला, त्यास या पाहणीचा आधार होता.

नुसत्या एका रेघेवर किती अवलंबून असते, याचे उदाहरण याच मंदिरात आहे. उत्तरद्वारावरील लेखातील शकाचा अंक डॉ. भाऊ दाजी यांनी ७८२ असा वाचला. पुढे तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा निश्चित झाला आणि मंदिर शिलाहार मुम्मुणीच्या काळात आले. पहिल्या एका अंकाने दोन शतकांचा फरक पडला होता.

जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्यास विद्यार्थ्यांकडून भित्तिचित्रांच्या प्रती करवून घेतल्या, तेव्हाही दृष्टी हीच होती. त्यांपैकी अनेक प्रती १८८५ साली लंडनमध्ये आगीत नष्ट झाल्या. अशा कामात विद्यार्थ्याचे नाव मागे राही. ग्रिफिथ्स यांचे नाव ग्रंथावर आले. अंबरनाथला उन्हात बसून रेघा ओढणाऱ्यांची नावे आज कोणाच्या स्मरणात नाहीत.

हे चित्र पुढे पालटले. १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली. १८९० साली कोल्हापूरहून येऊन कलाशाळेत दाखल झालेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांना १८९५ साली तिचे सुवर्णपदक मिळाले. विद्यार्थ्याच्या कामाखाली त्याची स्वतःची सही महत्त्वाची ठरू लागली, आणि ते योग्यच झाले. मात्र या बदलात मोजून काढलेले आलेखन संपुटाच्या तळाशी गेले, किंबहुना बाहेरच पडले, असे प्रस्तुत लेखकास वाटते. हल्लीच्या संपुटात रंगविलेली निसर्गदृश्ये पुष्कळ असतात; तीही बहुधा छायाचित्रावरून केलेली.

विठ्ठलवाडीच्या मुलास मुंबईचे तिकीट काढण्यापूर्वी दोन स्थानके उलट जाणे अवघड नाही. मंदिराच्या एका कोनाड्याचे, मापे टिपलेले, चुका खोडून दुरुस्त केलेले आलेखन त्याच्या संपुटात निघाले, तर परीक्षकाने प्रथम तेच पाहावे.