विनोदी पात्र आणि प्रसंगौचित्य

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याचे पोहे'मधील (१९१०) सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या ही पात्रे प्रसंगांना शोभत नाहीत, ती लेखकाची केवळ मुखे आहेत, असा आक्षेप घेता येतो. बंडूनानांचे वाक्य पांडूतात्यांच्या तोंडी घातले तरी फारसे बिघडत नाही, हे खरेच. परंतु सुधारणावादी कोल्हटकरांच्या उपहासाचा विषय व्यक्ती नसून रूढी आहे. हिरिरीने समर्थन करता करता रूढीचे हसे करणाऱ्या सुदाम्याला ठसठशीत स्वभाव असता, तर दोष रूढीऐवजी त्याच्याच माथी गेला असता. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाचे नेमके उलट आहे : त्याचे प्रसंग त्याच्या भिडस्त, कारकुनी स्वभावातूनच उद्भवतात. म्हणून तो वाचकाला घरचा वाटतो. सुदाम्याची ओळख मात्र त्याच्या युक्तिवादापुरतीच राहते.