नायकाला व्यसन लागले तेव्हा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील शिक्षकांशी मेंदूविषयी गप्पा मारण्याचा योग आम्हांला आला होता. कार्यक्रम संपल्यावर एक शिक्षक बाजूला येऊन म्हणाले, "आमच्या वस्तीवरच्या एका पोराची दारू सोडवायला घरच्यांनी त्याला खोलीत कोंडलंय. तीन दिवस कळ काढली की सुटेल ना, सर?"

उत्तर आम्ही तेथेच दिले, पण प्रश्न मनात राहिला. 'मनाचा हिय्या केला की व्यसन सुटते' ही समजूत त्या एका घराची नाही. ती आपल्यापर्यंत गोष्टींतून येते. म्हणून येथे एका गोष्टीचा आणि तिच्याबरोबर चाललेल्या संशोधनाचा इतिहास पाहू.

मराठी माणसाला व्यसनाची गोष्ट म्हटली की राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' आठवते. १९१९ साली, लेखकाच्या निधनानंतर, ते रंगभूमीवर आले. त्यातल्या सुधाकराला परतीची वाट नाही. घराची राखरांगोळी हाच शेवट. दुसऱ्या टोकाला आपल्या लहानपणीचा वेताळ. १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधला हा नायक गुत्त्यात शिरला तरी दूध मागायचा. म्हणजे व्यसनी माणूस बुडणार आणि नायक व्यसनी होणारच नाही! या दोहोंच्या मधली, व्यसनात पडून बाहेर येणाऱ्या माणसाची गोष्ट कोठेच नव्हती.

अमेरिकेतल्या चित्रकथांतही ती नव्हती. चित्रकथा मुलांना बिघडवतात अशी ओरड झाल्यावर प्रकाशकांनी १९५४ साली स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. तिचा शिक्का मुखपृष्ठावर नसेल तर विक्रेते अंक ठेवायला नाखूष असत. अमली पदार्थांचा विषय या चौकटीत बसत नव्हता.

त्याच १९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांनी उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवलेली. उंदराने दांडी दाबली की मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचा सौम्य झटका मिळे. काही ठिकाणी तार असली की उंदीर पुन्हा पुन्हा, तासाला शेकडो वेळा दांडी दाबत राहत. 'हे पुन्हा कर' असे सांगणारी यंत्रणा मेंदूतच आहे, हे यातून दिसले. अन्न, पाणी, सोबत यांच्याकडे नेण्यासाठी ही यंत्रणा असते. डोपामीन हे रसायन तिच्यात महत्त्वाचे काम करते, हे पुढे कळले. दारू, अफू, तंबाखू हे सगळे वेगवेगळ्या दारांनी याच घरात शिरतात.

चित्रकथांचे दार उघडले ते १९७१ साली. अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्याने स्टॅन ली यांना अमली पदार्थांच्या धोक्याविषयी गोष्ट लिहायला सुचवले. त्यांनी 'स्पायडरमॅन'च्या तीन अंकांत नायकाचा मित्र गोळ्यांच्या आहारी गेलेला दाखवला. संहितेने शिक्का नाकारला. प्रकाशकांनी अंक शिक्क्याशिवाय काढले, आणि त्याच वर्षी संहिता बदलली. पाठोपाठ लेखक डेनिस ओनील आणि चित्रकार नील ॲडम्स यांनी 'ग्रीन लँटर्न–ग्रीन ॲरो'च्या दोन अंकांत आणखी पुढचे पाऊल टाकले. येथे हेरॉइन टोचून घेणारा रॉय हा खुद्द ग्रीन ॲरो या नायकाने सांभाळलेला मुलगा आणि त्याचा साथीदार होता. मुलाच्या हातात सुई पाहून नायक काय करतो? त्याला मारतो आणि घराबाहेर काढतो. आपल्याकडच्या किती बापांची ही गोष्ट आहे! रॉयला आधार देते ती डायना नावाची मैत्रीण. ती त्याच्याजवळ बसून राहते. यातना सोसून तो बरा होतो.

धीट गोष्ट होती, यात शंका नाही. पण बरे होणे काही पानांतच उरकले. कळ काढली आणि सुटला!

योगायोग असा की त्याच १९७१ साली व्हिएतनाममधून परतणाऱ्या सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या संशोधिकेने हाती घेतला. साधारण पाचांपैकी एका सैनिकाला तेथे अफूजन्य पदार्थांचे व्यसन लागले होते. ही माणसे घरी येऊन काय करतील, याची सरकारला धास्ती होती. प्रत्यक्षात परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांतील सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनात अडकले. रसायन तेच, मेंदू तोच. बदलला होता भोवताल. युद्धाची भीती, रिकामा वेळ, सहज मिळणारी पुडी आणि ओढणारे सोबती मागे राहिले होते.

पुढे १९७३ साली मेंदूतील पेशींवर अफूजन्य रेणू जेथे बसतात त्या जागा सापडल्या, तर १९७५ मध्ये शरीर स्वतः बनवत असलेली तशीच रसायने. नेहमी बाहेरून पुरवठा झाला की मेंदू आपली घडी त्याप्रमाणे बसवतो. पुरवठा तुटला की ती विस्कटते. यातना होतात त्या यामुळे. माणूस दुबळा आहे म्हणून नव्हे.

आता त्या शिक्षकांच्या प्रश्नाकडे येऊ. दारू मेंदूला मंदावते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू उलट बाजूने जोर लावून बसलेला असतो. दारू एकदम तोडली की तो जोर मोकाट सुटतो. आधी थरथर, घाम, कधी फिट, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, ताप, भास. हे जिवावर बेतू शकते. म्हणजे ज्या तिसऱ्या दिवशी घरचे लोक सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच दिवस सर्वांत धोक्याचा असू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे दिली तर हा टप्पा पार करता येतो. आम्ही त्यांना एवढेच सांगितले: कडी काढा आणि आधी दवाखाना गाठा.

पण दवाखान्यानंतर काय? व्हिएतनामच्या सैनिकाला घरी परतणे म्हणजे व्यसनाच्या जागेपासून दूर जाणे होते. आपल्या पोराचे उलटे असते. तो उपचार घेऊन परततो ते त्याच पारावर, त्याच टपरीसमोर. नीरेच्या कालव्यांवर ऊस पिकतो, माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे कारखाने उभे आहेत. साखर काढल्यावर उरलेल्या मळीतल्या शर्करेचे यीस्ट अल्कोहोल करते, हे आपण वर्गात शिकवतो. मग ते अल्कोहोल घरात शिरल्यावर काय होते, हेही त्याच वर्गात यायला हवे.

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू झाले ते या 'नंतर'चा विचार घेऊन. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी केंद्र उभे केले. तेथील उपचार ३५ दिवसांचा. पण भर पुढच्या पाठपुराव्यावर. व्यसनातून बाहेर आलेली माणसेच तेथे नव्यांना हात देतात, आणि रुग्णाच्या पत्नीलाही आधार मिळतो.

गोष्टही पुढे शहाणी झाली. ओनील यांनीच १९८३ पासून 'आयर्न मॅन' या नायकाची दारू पुन्हा सुरू झालेली दाखवली. हा नायक १९७९ मध्ये एकदा 'सुटला' होता. या वेळी त्याने चिलखत मित्राला दिले, सर्वस्व गमावले. ते चिलखत त्याने पुन्हा नेमाने चढवले ते १९८५ साली. दोन अंकांऐवजी जवळपास तीन वर्षे! पुन्हा घसरणे हा पराभव नसून आजाराचा भाग असू शकतो, हे त्यात आले.

आमची एक सूचना आहे. वर्गात मुलांना चार चौकटींची चित्रकथा काढायला सांगा: नायक व्यसनात पडतो, घरच्यांना कळते, उपचार होतो, तो गावात परततो. मग पाचवी रिकामी चौकट द्या आणि विचारा, टपरीवरचे मित्र हाक मारतात तेव्हा त्याच्याजवळ कोण उभे आहे? मुले तेथे कोणाला काढतात ते पाहा. एखाद्याने कोणालाच काढले नाही, तर त्या मुलाशी तास संपल्यावर बोला.